‘२ बॉल व्हॉल्व्ह – ३’: अवतरणचिन्हांनी गिळलेला इंच

प्रकरण सांगलीतल्या एका पाइप-फिटिंगच्या दुकानाचं आहे. दुकान गावात, गोदाम कुपवाडला. गिऱ्हाईक मुख्यतः तासगाव, मणेराजुरी, कवठेमहांकाळ भागातले द्राक्षवाले. ऑक्टोबर छाटणीच्या आगेमागे ठिबकची दुरुस्ती निघते आणि गर्दी एकदम वाढते. बिलाचं जुनं सॉफ्टवेअर दुकानात होतंच. मालकांच्या भाच्यानं त्याला जोड म्हणून पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. बिलाच्या सॉफ्टवेअरमधून दर तासाला निघणारी सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामानं तोडलेला साधा मजकूर) वाचायची, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठा कमी करायचा आणि गोदामाच्या फोनवर माल काढायची चिठ्ठी पाठवायची, एवढंच त्याचं काम.

चौथ्या-पाचव्या दिवशी गोदामातून फोन आला, “मालक, व्हॉल्व्ह दोन काढू का तीन?” चिठ्ठीवर ओळ होती:

`२ बॉल व्हॉल्व्ह – ३`

मालकांना हवे होते दोन इंची बॉल व्हॉल्व्ह, तीन नग. चिठ्ठीतून इंचाची खूण उडाली होती.

खूण कुठं उडाली

बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये मालाचं नाव बरोबर होतं: `२" बॉल व्हॉल्व्ह`. सीएसव्ही फाइल नोटपॅडमध्ये उघडल्यावर तीच ओळ अशी दिसली:

`१०४,"२"" बॉल व्हॉल्व्ह",३`

इथंच बहुतेकांची फसगत होते. चार चिन्हं दिसतात, त्यातली कुठली मालाची आणि कुठली वेष्टनाची हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. सीएसव्हीची रीत २००५ मध्ये आरएफसी ४१८० या टिपणात लिहून ठेवलेली आहे. रकान्याच्या मजकुरात स्वल्पविराम, ओळबदल किंवा दुहेरी अवतरण आलं, तर अख्खा रकाना दुहेरी अवतरणात गुंडाळायचा आणि आतलं प्रत्येक दुहेरी अवतरण दोनदा लिहायचं. म्हणजे बाहेरची दोन चिन्हं दोरी बांधल्यासारखी, आणि मधली जोडी मिळून इंचाची एक खूण. फाइल अगदी बरोबर होती.

प्रोग्रामनं मात्र ओळ स्वल्पविरामावर स्प्लिट केली, म्हणजे सरळ तोडली होती. नावाभोवती चिन्हांची गर्दी दिसली म्हणून पुढच्याच ओळीत रिप्लेस (एका मजकुराच्या जागी दुसरा घालणारी आज्ञा) वापरून सगळी दुहेरी अवतरणं काढून टाकली होती. दोरीबरोबर मालही गेला. लांबी मोजली की हे लगेच कळतं. `२" बॉल व्हॉल्व्ह` या नावाची पायथनच्या हिशेबानं लांबी १६ येते (काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात, म्हणून डोळ्यांना वाटते त्यापेक्षा जास्त). सीएसव्हीतला गुंडाळलेला रकाना १९ चा. रिप्लेसनंतर उरले १५. सोळा यायला हवेत तिथं पंधरा आले की एक अक्षर चोरीला गेलं समजायचं.

उपाय साधा होता. पायथनबरोबरच येणारं सीएसव्ही मॉड्यूल वापरायचं, त्याला ही रीत मुळातच माहीत असते. फाइल उघडताना न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग (अवतरणांतला मजकूर म्हणजे स्ट्रिंग) द्यायची. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८-सिग ठेवायचं, कारण एक्सेल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ प्रकारात जतन करताना फाइलच्या तोंडाला एक न दिसणारी खूण लावतं आणि ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटून बसते. एवढ्यावर हे प्रकरण मिटलं असतं. पण रिप्लेस एकच नव्हतं.

तीन इंच आणि तीन फूट एकाच खात्यात

तुषार सिंचनाला लागणारे पाऊण इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचे तुकडे दुकानात दोन मापांत असतात. जोडाला तीन इंची आणि नोझल उभं करायला तीन फुटी. बिलात नावं अशी:

`जीआय तुकडा ¾"×३"`
`जीआय तुकडा ¾"×३'`

फुटाची खूण म्हणजे एकेरी अवतरण, आणि एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेत, स्ट्रिंगचं कुंपण एकेरी अवतरणाचंच असतं. भाच्यानं क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) तुकडे जोडून बनवली होती: आधी एक एकेरी अवतरण, मग मालाचं नाव, मग पुन्हा एकेरी अवतरण. दुसऱ्या तुकड्याला तयार झालेली क्वेरी बघा (इंचाची खूण आधीच्या रिप्लेसनं उडवलेलीच होती):

`नाव = 'जीआय तुकडा ¾×३''`

शेवटी दोन एकेरी चिन्हं लागून आली. एसक्यूएलमध्ये लागोपाठ दोन म्हणजे ‘मजकुरातलं एक’. त्यामुळे इंजिनला स्ट्रिंग संपलीच नाही असं वाटलं. एसक्यूलाइटनं ‘अनरेकग्नाइज्ड टोकन’ म्हणून हात वर केले. भाच्यानं ओळखीचा उपाय केला. आणखी एक रिप्लेस टाकलं आणि एकेरी अवतरणंही काढून टाकली.

एरर गेली. साठ्यात मात्र दोन्ही माल `जीआय तुकडा ¾×३` या एकाच नावाखाली आले. तीन इंचाचा तुकडा विकला की साठ्यातून तीन फुटी तुकडाही कमी व्हायचा. दरात कितीतरी पटींचा फरक, आणि दर ज्याची नोंद शेवटी झाली त्याचा. आमच्या मते या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक हीच. चिठ्ठीवरचा गोंधळ निदान माणसाला दिसला, फोन तरी आला. हा हिशेब मुकाट्यानं बिघडत राहिला. एरर दिसेनाशी झाली म्हणजे चूक दुरुस्त झाली, असं मानलं की हेच होतं.

क्वेरीत मजकूर हातानं चिकटवायचाच नसतो. क्वेरीत नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि नाव वेगळं द्यायचं. एसक्यूलाइटचं पायथन मॉड्यूल ते आपल्या पद्धतीनं पोचवतं, मग नावात फूट असो, इंच असो की मुद्दाम घुसडलेली आज्ञा असो. चिकटवलेल्या क्वेरीतून परका माणूस डेटाबेसला हुकूम देऊ शकतो, त्याचं मूळही हेच. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांची खूण वेगळी असते, तत्त्व एकच.

प्रश्नचिन्हाची रीत समजावून घेण्याआधी भाच्यानं एकेरीऐवजी दुहेरी अवतरण लावूनही पाहिलं, आणि ते काही नावांना चाललं! हा एसक्यूलाइटचा दोष आहे. एसक्यूएलच्या मानकात दुहेरी अवतरण रकान्याच्या किंवा टेबलाच्या नावाला असतं. त्या नावाचा रकाना सापडला नाही तर एसक्यूलाइट त्यालाच स्ट्रिंग समजून घेतं. पोस्टग्रेस असं करत नाही, सरळ ‘असा रकाना नाही’ म्हणतं. मायएसक्यूएल मुळात दुहेरीलाही स्ट्रिंग मानतं, सेटिंग बदललं तर नाही. चाललं म्हणून बरोबर असं धरून चाललं, की डेटाबेस बदलताना रडावं लागतं.

कोडमध्ये लिहिलेली नावं

काही दर भाच्यानं थेट कोडमध्ये लिहिले होते. इथं तिसरी रीत लागू होते, पायथनची. पायथन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे खालच्या ओळी जशाच्या तशा टाइप करून बघता येतील.

`माल = "२" बॉल व्हॉल्व्ह"`

पायथनच्या लेखी स्ट्रिंग दोनच्या आकड्यानंतर संपली. मग एक अनोळखी शब्द, आणखी एक, आणि शेवटचं चिन्ह नवी स्ट्रिंग उघडतं जी बंदच होत नाही. नव्या आवृत्त्या ‘अनटर्मिनेटेड स्ट्रिंग लिटरल’ म्हणतात आणि बाण दाखवतात शेवटच्या चिन्हाकडं. गुन्हेगार मात्र मधला. नवखा माणूस शेवटच्या चिन्हाशी झटापट करत बसतो, कारण बाण तिकडं आहे. अशा वेळी बाणावर विसंबू नये, ओळीच्या सुरुवातीपासून चिन्हं जोडीजोडीनं मोजत यावं.

भाच्याला तोवर सीएसव्हीचा ‘दोनदा लिहा’ नियम कळला होता. तो त्यानं इथंही लावला:

`माल = "२"" बॉल व्हॉल्व्ह"`

एरर नाही. प्रोग्राम चालला. आणि छापून आलं `२ बॉल व्हॉल्व्ह`. पुन्हा इंच गायब! पायथनमध्ये दोन स्ट्रिंग शेजारी-शेजारी लिहिल्या की त्या गुपचूप जोडल्या जातात. ही ओळ म्हणजे `"२"` आणि `" बॉल व्हॉल्व्ह"` अशा दोन स्ट्रिंग, मधे काही नाही. एक्सेलच्या सूत्रात हीच रीत बरोबर चालते, एसक्यूएलमध्ये एकेरीला चालते, पायथनमध्ये माल खाते. मिरजेचा शिक्का सांगलीच्या पावतीवर चालत नाही, तसं.

बरोबर लिहायच्या तऱ्हा अशा:

`माल = '२" बॉल व्हॉल्व्ह'`
`माल = "२\" बॉल व्हॉल्व्ह"`
`माल = 'जीआय तुकडा ¾"×३\''`

पायथनला एकेरी आणि दुहेरी अवतरण सारखंच, फक्त जे उघडलं त्यानंच बंद करायचं. म्हणून आत इंच असेल तर बाहेर एकेरी घ्यावं. आत दोन्ही असतील तर बाहेरच्यासारखं जे आहे त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ. तिहेरी अवतरणाचा सल्लाही पुष्कळदा दिला जातो, पण नावाच्या टोकाला इंच असेल तर `"""एल्बो २""""` मध्ये पहिल्या तिनांत स्ट्रिंग बंद होते आणि चौथं लोंबकळत राहतं. तिथं तिहेरी एकेरी घ्यावं लागतं.

शाळेत आपण शिकतो की कुणाचं बोलणं दुहेरीत आणि एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर एकेरीत. तो भेद पायथनला नाही. जावात आणि सी भाषेत भेद आहे पण भलताच: तिथं एकेरी म्हणजे एकच अक्षर. ‘क’ जावात एकेरीत बसतो, ‘की’ बसत नाही, कारण वेलांटी वेगळं चिन्ह म्हणून मोजली जाते. मराठी मुलांना हा धक्का हमखास बसतो.

फोनवरून आलेला उपाय

भाच्याच्या एका मित्रानं दुरुस्त ओळ फोनवरून मेसेजनं पाठवली. ती चिकटवली, आणि ‘इनव्हॅलिड कॅरॅक्टर’, युनिकोड २०१सी (जगभरच्या अक्षरांच्या यादीतला त्या चिन्हाचा क्रमांक). फोनच्या कीबोर्डनं सरळ `"` चं वळणदार “ केलं होतं. आयफोनवर हे ‘स्मार्ट पंक्च्युएशन’ सेटिंग कीबोर्डच्या पानावर बंद करता येतं. वर्डमध्येही तसंच बंद करता येतं. टाइपरायटरवर जागा वाचवायला उघडतं आणि मिटतं चिन्ह एकाच कळीवर आलं, तेच पुढं अस्कीत, म्हणजे संगणकाच्या जुन्या अक्षरयादीत, ३४ व्या जागेवर बसलं, आणि भाषा त्याच्याच भोवती बांधल्या गेल्या. “ आणि ” छापखान्याची चिन्हं. वाचायला देखणी, पायथनला परकी.

याच ठिकाणी दोन संगणकांनी आणखी घोळ घातला. दुकानातला संगणक विंडोज ७ चा. त्यावर चालणारी पायथनची शेवटची आवृत्ती ३.८. भाच्याच्या लॅपटॉपवर ३.१२. त्याच वळणदार चिन्हाला ३.८ ‘इनव्हॅलिड कॅरॅक्टर इन आयडेंटिफायर’ म्हणते, कोणतं चिन्ह ते सांगत नाही. आणि एफ-स्ट्रिंगच्या (जिच्यात मधेच चलाची किंमत घालता येते अशा स्ट्रिंगच्या) महिरपी कंसात बाहेरचंच अवतरण पुन्हा वापरायची सोय २०२३ मध्ये ३.१२ पासून आली. त्यामुळे लॅपटॉपवर धडधडीत चालणारी ओळ दुकानात सिंटॅक्स एरर देत होती. जुन्या संगणकासाठी लिहायचं तर कंसाबाहेर दुहेरी, आत एकेरी, एवढं पाळलं की दोन्हीकडं चालतं.

एका व्हॉल्व्हची चार नावं

कोड सुधारल्यावर साठ्याची यादी काढली, तर दोन इंची बॉल व्हॉल्व्ह चार जागी. छापील कागदावर चौघंही जवळपास सारखे:

`२" बॉल व्हॉल्व्ह` सरळ अवतरण
`२” बॉल व्हॉल्व्ह` वर्डमधून आलेलं वळणदार
`२″ बॉल व्हॉल्व्ह` इंचाचं खरं छापील चिन्ह, कंपनीच्या दरपत्रकातून चिकटवलेलं
`२'' बॉल व्हॉल्व्ह` एकेरी दोनदा, कुणीतरी घाईत दाबलेलं

चौथ्याची लांबी १७, बाकीच्यांची १६. संगणकाला ही चार वेगळी नावं, म्हणून साठा चार ठिकाणी वाटला गेला. ‘व्हॉल्व्ह संपले’ असा निरोप यायचा आणि रॅकवर माल असायचा.

इथं युनिकोडचं एनएफकेसी रूप (सारख्या दिसणाऱ्या चिन्हांना एकाच रूपात आणायची ठरलेली रीत) लावून सगळं एकसारखं करावं असं सुचतं. करू नये. एकतर ते वळणदार अवतरणाला हात लावत नाही. दुसरं, ½ चे ते तीन तुकडे करतं: एक, तिरकी रेघ, दोन. १½ म्हणजे दीड, त्याचं वाचताना अकरा भागिले दोन होतं. दीड इंची पाइपाचा साडेपाच इंची करणारा उपाय कुणाला हवा आहे?

हातानं नियम लिहिणं बरं, आणि क्रम पाळणं महत्त्वाचं. आकडा किंवा ½ ¼ ¾ यांना लागून आलेल्या चिन्हापुरतंच बोलायचं, बाकी नावात कुठंही हात लावायचा नाही. आधी एकेरीची सगळी रूपं, म्हणजे ’ आणि ′, सरळ `'` करायची. मग लागोपाठ दोन `'` आले तर त्यांचं एक `"`. मग ” “ ″ यांचं `"`. क्रम उलटा केला तर ’’ असं लिहिलेला इंच दोन फुटाच्या खुणा होऊन बसतो. हा बदल माल नोंदवताना, दारातच करायचा. चिठ्ठी छापताना केला तर डेटाबेसमध्ये चार नावं तशीच राहतात.

चार नावं एक करताना आधीची आणि नंतरची नगांची बेरीज ताडून बघितली, जुळली. तीन इंच-तीन फुटाच्या खात्याला मात्र काही करता आलं नाही. खूण पुसली गेली की कुठला नग कुठल्या मापाचा हे त्या खात्यात कुठंच उरत नाही. प्रोग्राम कितीही हुशार असो, नसलेलं परत आणू शकत नाही. खरेदीची बिलं काढली, गोदामात दोघांनी मिळून तुकडे मोजले, आणि दोन्ही खात्यांत आकडे हातानं भरले. एक अख्खा रविवार गेला.

हातानं बनवलेल्या सीएसव्हीचीही एक गोम इथं नोंदवायला हवी, कारण बाहेरून येणाऱ्या दरपत्रकात ती सापडली. कुणी नियम न पाळता `"२" बॉल व्हॉल्व्ह"` असा रकाना लिहिला, तर पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल नेहमीच्या सेटिंगवर तक्रार न करता `२ बॉल व्हॉल्व्ह"` वाचतं. इंचाची खूण आकड्यावरून उडून शेवटी जाऊन बसते! स्ट्रिक्ट सेटिंग चालू केलं की तिथंच थांबून एरर देतं. बाहेरच्या फायलींना ते चालूच ठेवावं. एरर त्रासदायक असते, पण ती खोटं बोलत नाही.

गोदामाला मेसेज जातो तो जेसॉनमध्ये, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांना माहिती पाठवायच्या मजकुराच्या साच्यात. तिथं फक्त दुहेरी अवतरण चालतं. पायथनचा डिक्शनरी (नाव-किंमत जोड्यांचा संच) तसाच स्ट्रिंग करून पाठवला तर एकेरी अवतरणं जातात आणि पलीकडून नकार येतो. जेसॉन मॉड्यूलचं डम्प्स वापरावं, आतला इंच ते स्वतः तिरकी रेघ लावून सांभाळतं.

चिठ्ठीवर आता चिन्हच छापत नाहीत. ½ ला अर्धा इंची, ¾ ला पाऊण इंची, १¼ ला सव्वा, १½ ला दीड, २½ ला अडीच असा छोटा तक्ता प्रोग्रामात आहे. गोदामातली माणसं तसंच बोलतात. पीव्हीसी पाइपाला पुढं मिलिमीटरही येतात, कारण पाइपावर तेच छापलेलं असतं: दोन इंचीला ६३, अडीचला ७५, तीनला ९०, चारला ११०. चिठ्ठीवर ओळ येते, ‘दोन इंची बॉल व्हॉल्व्ह – ३ नग’.

डेटाबेसमध्ये मात्र खुणा जशाच्या तशा आहेत, आणि कोडमध्ये काहीही बदललं की एक चाचणीचा माल अख्ख्या वाटेवरून फिरवला जातो: `तुकडा, जीआय ¾"×३'`. त्यात स्वल्पविराम आहे, इंच आहे, फूट आहे, अपूर्णांक आहे. सीएसव्हीत तो `"तुकडा, जीआय ¾""×३'"` असा दिसायला हवा. वाचल्यावर, डेटाबेसमधून परत काढल्यावर आणि जेसॉन उलगडल्यावर, तिन्ही ठिकाणी लांबी १७ यायला हवी. सोळा आली तर कुठंतरी रिप्लेस शिरलंय, अठरा आली तर जोडी सुटायची राहिलीय, आणि एकोणीस आली तर कुणीतरी पुन्हा एनएफकेसी लावलंय.